पत्रातली शेवटची ओळ

वीजबिल आलं की ते आधी ह्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, हा माझा गेल्या दोन वर्षांचा नियम आहे. रकमेची भीती नाही. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात वीज ती किती जळणार! पण बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'काही शंका असल्यास खालील पत्त्यावर संपर्क साधावा.' ती ओळ ह्यांनी वाचली की संपलं. चष्मा पुसायचा, टेबलाशी बसायचं आणि त्या पत्त्यावर पत्र लिहायचं. शंका काहीच नसते. तरी लिहितात, 'आपल्या सूचनेनुसार संपर्क साधत आहे, कृपया पोच द्यावी.' बँक झाली, गॅस एजन्सी झाली, विमा कंपनी झाली. बिस्किटाच्या पुड्यावरचा पत्तासुद्धा सोडला नाही. त्या बिस्किटवाल्यांनी बिचाऱ्यांनी खरंच उत्तर पाठवलं, सोबत दोन पुडे. मला हसू आवरेना. हे मात्र ते पत्र हातात धरून म्हणाले, "म्हणजे लिहितात, नीला. काही लोक खरंच उत्तर देतात."

पुड्यांना त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

हे म्हणजे माझे यजमान, नृसिंह निसळ. आमच्या गल्लीत लोक म्हणतात, निसळ सरांना वयोमानानं थोडं झालंय. काही झालेलं नाही. डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. त्यांना एका मुलीनं झपाटलंय, एवढंच. आणि ती मुलगी जिवंत आहे, चांगली धडधाकट आहे, नगरपासून दोन तासांवर कोल्हारला राहते. मेलेल्या माणसाचं भूत एक वेळ परवडलं. जिवंत माणूस असा घरात येऊन बसला की त्याला उठवायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

लोक ह्यांना सर म्हणतात, पण ह्यांनी आयुष्यात एक तासही शिकवला नाही. शिकवायचे मी, मुलींच्या शाळेत भूगोल. हे नगरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्ती विभागात एकतीस वर्षं होते, शेवटी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आलेली पोरं खिडकीपाशी उभी राहायची. हातात चुरगळलेला उत्पन्नाचा दाखला आणि चेहऱ्यावर भीती. हे खिडकी सोडून बाहेर यायचे, पोराला बाकावर बसवायचे आणि फॉर्म स्वतः भरून द्यायचे. गरीब पोराचा फॉर्म परत आला तर दोष पोराचा नाही, तपासणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातून गेलेला फॉर्म परत येत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि त्याचा त्यांना गर्वही होता. नव्हता असं मी म्हणणार नाही.

त्यांचे नियम दोनच. रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि एकदा लिहून दिलेलं फिरवायचं नाही. दुसऱ्या नियमाला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला सूर्यभान नावाच्या एका पोराच्या फॉर्मवर ह्यांनी उत्पन्नाचा आकडा चुकून जास्त लिहिला आणि मग खोडून बरोबर केला. वरच्या ऑफिसात कुणीतरी शेरा मारला, 'आकड्यात फेरफार.' चौकशी लागली. पोराची शिष्यवृत्ती दोन वर्षं अडकली, आणि दोन वर्षांनी सुटली तेव्हा पोरगा कॉलेज सोडून चाकणला कामाला लागलेला होता. तेव्हापासून ह्यांनी धसकाच घेतला. चुकला तर फॉर्म फाडा, नवा घ्या, पण दिलेल्या फॉर्मला हात लावायचा नाही.

अमेरिकेच्या फॉर्मांकडे हे वळले ते माझ्या भाचीमुळे. रुचा बारावीत होती आणि तिनं कुठून तरी शोधून काढलं की तिकडे काही कॉलेजं अशी आहेत, जी आधी मुलाची हुशारी बघतात आणि मग घरची परिस्थिती विचारून, घराला जेवढं झेपत नाही तेवढं स्वतः देतात. कर्ज म्हणून नाही, मदत म्हणून. चार वर्षांची फी, राहणं, जेवण, सगळं. फक्त परिस्थिती सांगायचा त्यांचा फॉर्म असा असतो की आपल्या तहसीलदारानं कोपरापासून हात जोडावेत. घर विकलं तर कितीला जाईल, शेत कितीला जाईल, घरात खाणारी तोंडं किती, आजारपणाला किती लागतात. माझा भाऊ पहिल्या पानावरच गळाठला. हे म्हणाले, "आणा इकडे." तीन आठवडे लागले, पण रुचा गेली. घरचा रुपया न लागता गेली.

मग काय, षट्कर्णी व्हायला वेळ लागतो का! निसळ सर अमेरिकेचे फॉर्म भरून देतात, फुकट देतात, असं पसरलं. दर वर्षी दोन-तीन पोरं यायला लागली. त्या फॉर्मांची मुदत तिकडच्या मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्या जेवणाच्या टेबलावर ही पोरं दप्तरं पसरून बसायची, मी पोहे करायची, आणि दहा वाजून गेले की घरात कुणी शिंकलेलंही ह्यांना चालायचं नाही. सहा वर्षांत नऊ पोरं गेली. काहींना थोडी मदत मिळाली, काहींना पूर्ण. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, आमच्याकडे हे होतं. मीही मनातून खूश होते.

संस्कृती निबे आली ती त्या नऊजणांच्या नंतर. सडपातळ, दोन वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची. कोल्हारहून एसटीनं यायची, येताना घरच्या बागेतले पेरू आणायची. तिला जमिनीखालच्या खडकांचं शास्त्र शिकायचं होतं. तिचा निबंध मी वाचला. त्यांच्या विहिरीचं काम चालू असताना ती दोरानं खाली उतरली होती आणि काळी माती कुठे संपते, चुनखडी कुठे लागते, मुरूम कुठे, ते तिनं वहीत काढून ठेवलं होतं. बत्तीस वर्षं मी मुलींना तेच थर फळ्यावर काढून दाखवले आणि एकीनंही मला एवढं उलटून विचारलं नाही जेवढं त्या निबंधात होतं. मी ह्यांना म्हटलं, ही नक्की जाणार. मी तसं बोलायला नको होतं, पण बोलले.

डिसेंबरात जमिनीचा रकाना भरायला तिचे वडील सहादेव आणि चुलते कारभारी असे दोघं आले. कारभारींना घरात सगळे तात्या म्हणत. पांढरं धोतर, टोपी, आमच्या खुर्चीत ताठ बसलेले. सहादेवराव दाराजवळ स्टुलावर. थोरल्या भावासमोर ते खुर्चीत बसले नाहीत, मी दोनदा म्हटलं तरी.

सातबारा ह्यांच्या समोर होता. हायवेलगत बावीस एकर, सामाईक, त्यावर सात नावं. दोघे भाऊ, तीन चुलतभाऊ, दोन बहिणी.

"सहादेवराव, यात तुमचा हिस्सा किती?" ह्यांनी विचारलं.

सहादेवरावांनी भावाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "हिस्सा कसला, सर? आमच्यात वाटनी न्हाई झालेली."

"नाही झाली, पण समजा झाली तर तुमच्याकडे किती येईल? त्यांना तेवढं हवंय."

"समजा कसं म्हनायचं?" सहादेवराव फार हळू बोलले. "तात्या बसल्यात हितं."

तात्या हसले. रागावले नव्हते, उलट मोठेपणानं बोलले. "लिवा की बावीस एकर. लपवायचं काय हाय त्यात? उद्या पोरीच्या सोयरिकीला बी आमी ह्येच सांगनार. मी जित्ता असंपर्यंत ह्या घराचा हिस्सा होत न्हाई, सर. कागदावर बी न्हाई."

ह्यांनी सातबारा पुन्हा उलटून बघितला. मला वाटलं, काहीतरी मार्ग काढतील. पण वाटणीपत्र नसताना हिस्से पाडणारा मी कोण, असं त्यांचं सरकारी डोकं. कागदावर आहे ते लिहायचं. त्यांनी बावीस एकर लिहिले, हायवेच्या दरानं किंमत लावली. तो आकडा बघून मला गरगरलं. संस्कृती शेजारच्या खिडकीकडच्या खुर्चीत बसली होती. ती कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत होती आणि मग ह्यांच्या हातांकडे. त्या खोलीत ती काय बोलणार होती?

मार्चच्या अखेरीस ती एकटी आली. मी मेथी निवडत होते. तिनं पत्राची प्रिंट काढून आणली होती, चार घड्या घातलेली. प्रवेश मिळाला होता. मदत शून्य. तुमच्या घराची मालमत्ता बघता हा खर्च तुमचं घर सहज करू शकतं, असं त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं. ते खोटं थोडंच होतं? आम्हीच तसं लिहून दिलं होतं.

ह्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "नशीब नाही, संस्कृती. पुण्याला प्रयत्न कर. तू कुठेही चमकशील."

ती उठली नाही. तिनं पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "सर, ही शेवटची ओळ?"

तिथे लिहिलं होतं, तुमच्या घरच्या परिस्थितीचं चित्र यात नीट उतरलेलं नसेल, तर कृपया आम्हाला कळवा.

ह्यांनी ती ओळ वाचलीसुद्धा नाही, नुसती नजर फिरवली. "ते छापील असतं गं. सगळ्यांना जातं. त्याला कोणी उत्तर देत नसतं."

"म्हणजे काही लिहायचं नाही?"

"नको. सही करून दिलेला आकडा आपणच फिरवला, तर आपण खोटे ठरू. उद्या तुझ्या नावावर शेरा बसेल."

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि तिथून पुन्हा वळून म्हणाली, "नक्की ना, सर?" हे म्हणाले, "नक्की." मग ती गेली. पत्राची प्रिंट टेबलावरच राहिली.

मला इंग्रजी वाचता येतं. मी हात पुसून ते पत्र बघू शकले असते. अहो, लिहून तर बघा, एवढे चार शब्द बोलले असते तरी पुरे होतं. पण फॉर्म हा ह्यांचा प्रांत, त्यात आपण तोंड घालायचं नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय. मी मेथी निवडत राहिले. हे मी आज लिहितेय ते ह्यांना एकट्यालाच दोषी ठरवायला नाही.

दोन वर्षं तशी बरी गेली. संस्कृतीनं कोल्हारजवळच्याच एका कॉलेजात बीएस्सीला नाव घातल्याचं कळलं. हे हळहळायचे, पण हळहळ आणि झोप दोन्ही एका घरात नांदू शकतात. बिघडलं ते अमृतमुळे. अमृत पारनेर तालुक्यातला, राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका वाडीतला. घरी चार गाई, बाप डेअरीला दूध घालणारा. त्याचाही फॉर्म ह्यांनीच भरला होता. एप्रिलमध्ये एका सकाळी तो पेढे घेऊन आला.

"पूर्ण मिळालं, सर. आधी निम्मंच देत होते."

"मग?"

"आजोबांची सामाईक जमीन आपण सगळी आमचीच म्हणून लिहिली होती ना? मी त्यांना लिहिलं की ती आजोबांची आहे, त्यात काका-आत्या पण आहेत, आमच्या हातात काहीच नाही. तलाठ्याचा कागद जोडला. पाचव्या दिवशी नवं पत्र आलं. सॉरी पण म्हणले."

ह्यांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी परत खोक्यात ठेवला. "कुठे लिहिलंस? कोणत्या पत्त्यावर?"

"पत्रातच असतंय की शेवटी. काही चुकलं असलं तर कळवा म्हणून."

"ते छापील असतं," हे म्हणाले.

पोरगा गोंधळला. "व्हय, छापीलच हाय. पन वाचत्यात ते."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी फाइल काढली आणि संस्कृतीच्या पत्राची घड्या पडलेली प्रिंट समोर ठेवली. पत्र लिहिणारी कॉलेजातली बाई कोण असेल ती, तिचं नाव, तिचा पत्ता, सगळं त्या ओळीखाली होतं. 'कृपया' असं होतं. मी पण ते पहिल्यांदा वाचलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तिथून ती मुलगी आमच्या घरात राहायला आली. खिडकीकडच्या खुर्चीत हे कुणाला बसू देईनात. कुणी बसायला गेलं की म्हणायचे, "ती नको, इकडे या." भर दुपारी पुस्तक वाचता वाचता दाराकडे बघून "हो, बोल," म्हणायचे. आंघोळीला गेले तरी आतून हाक यायची, "नीला, कोण आलंय? मला सर म्हणून कोण म्हणालं?" कुणी आलेलं नसायचं. एकदा मला सरळ म्हणाले, "ती दारातून परत विचारते. रोज विचारते. आणि मी रोज नक्की म्हणतो. तोंडातून दुसरं काही निघतच नाही." मी चिडून म्हटलं, अहो, ती पोरगी तिकडे आपल्या घरी सुखानं पोळीभाजी खात असेल, तिच्या स्वप्नातही तुम्ही नसाल. बोलले खरं. पण पुढे पुढे दारात चपलांचा आवाज आला की मीही हातातलं काम थांबवायची. अगदी खरं सांगते, एकदा मीही वळून बघितलं.

नवीन पोरांचे फॉर्म घेणं त्यांनी बंद केलं. त्याऐवजी ती पत्रं सुरू झाली, बिलांवरच्या ओळींना. कोणती ओळ खरी आणि कोणती नुसती छापील, ते त्यांना आता, या वयात, शोधून काढायचं होतं.

तिला जाऊन सांगायचं, हे त्यांनी अमृतच्या पेढ्यांनंतर आठवड्याभरातच ठरवलं होतं. अडवलं मी. म्हटलं, काय सांगणार? की तुझं आयुष्य एका पत्रानं बदललं असतं आणि ते पत्र मी लिहू दिलं नाही? तिला आज वाटतंय, आपलं नशीब नव्हतं. नशिबावर माणूस राग काढून मोकळा होतो. तुम्ही तुमच्या छातीवरचा दगड उतरवून त्या पोरीच्या छातीवर ठेवणार. हे ऐकून ते गप्प बसले, आणि दीड वर्ष गप्प बसले. मी बरोबर बोलले होते की घाबरून बोलले होते, याचा मला अजून निवाडा करता आलेला नाही. बहुतेक घाबरूनच. माझी मेथी मला आठवत होती.

शेवटी गेल्या दिवाळीनंतर मीच म्हटलं, चला. त्यांचं वजन सात किलो उतरलं होतं. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मला सापडलेलं होतं.

कोल्हारला उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. सहादेवरावांनी लांबूनच ओळखलं. "या सर, या ताई. आज कशी काय वाट वाकडी केली?" मालनबाईंनी, म्हणजे संस्कृतीच्या आईनं, पाणी आणलं. घर एकच होतं, पण अंगणाच्या मधोमध तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे दुसरी चूल दिसत होती. मी विचारलं, तात्या कसे आहेत?

"तात्या गेले की मागल्या साली. हार्ट ॲटॅकनी." सहादेवराव खुर्ची ओढून बसले. आता ते खुर्चीत बसत होते. "तेरावं झालं आन् मोजनीला अर्ज पडला. चुलतभावांनी टाकला. म्हनलं जाऊ द्या, तात्याच न्हाई तर एकत्र ठिवून करायचं काय? तीन एकर आली आमच्याकडं. रोडची न्हाई, नदीकडची." ते हसले. "घर चालतंय. आमाला काय कमी न्हाई."

ह्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. तीन एकर. तेवढाच आकडा त्या रकान्यात लिहायला हवा होता. सहादेवरावांच्या ते ध्यानातही नव्हतं. ते म्हशीचं दूध काढायला उठून गेले आणि मालनबाई चहा ठेवायला आत गेल्या.

संस्कृती आली ती स्कूटीवरून. ती आता तालुक्याच्या माती परीक्षण केंद्रात लागली होती. शेतकरी पिशवीत माती आणून देतात, ही त्यावर नाव, गट नंबर लिहायची आणि रिपोर्ट टाइप करायची. वेण्या जाऊन एकच शेपटा राहिला होता. ती खूप आनंदली. दोघांच्या पाया पडली, "सर, किती बारीक झालात!" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे उभे राहिले. चौकशीला बोलावलेला माणूस उभा राहतो तसे, हात बाजूला सोडून. "संस्कृती, मला एक सांगायचंय. त्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. तू मला विचारलं होतंस."

"हो."

"ती छापील नव्हती. म्हणजे छापील होती, पण खरी होती. तिला उत्तर दिलं असतं, की जमीन सात जणांची आहे, तुमच्या वाट्याला एवढीच येते, तर त्यांनी मदत दिली असती. पूर्ण दिली असती. दुसऱ्या मुलाला दिली. मला माहीत नव्हतं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा नको म्हणालो. चूक माझी आहे. तुझं नशीब बिशीब काही नाही, माझी चूक आहे."

एवढं बोलून ते थांबले. मी संस्कृतीच्या तोंडाकडे बघत होते. आता ती रडेल, चिडेल, नाहीतर जाऊ द्या हो सर म्हणेल, आणि यातलं काहीही झालं तरी आम्ही ते घेऊन घरी जाऊ, असं मला वाटत होतं.

यातलं काहीच झालं नाही. तिनं पर्समधून मोबाईल काढला, बराच वेळ अंगठ्यानं खाली खाली सरकवत राहिली आणि मग तो ह्यांच्या हातात दिला.

"मी लिहिलं होतं, सर. त्याच दिवशी, तुमच्याकडून परत येताना एसटीत. तसंच आहे अजून, पाठवायचं राहिलेलं."

ह्यांनी चष्मा लावला. मीही जवळ गेले. सात-आठ ओळी होत्या, साध्या इंग्रजीत. तिनं लिहिलं होतं की फॉर्ममध्ये दिलेली जमीन सात जणांची आहे आणि माझ्या वडिलांच्या वाट्याला त्यातली साधारण तीन एकर येईल. वडील हे स्वतः सांगू शकत नाहीत, कारण त्यांचे थोरले भाऊ हयात आहेत, आणि आमच्याकडे भाऊ हयात असताना आपला हिस्सा सांगणं म्हणजे त्यांच्या मरणाची वाट बघणं. म्हणून फॉर्ममध्ये लिहिलेलं खोटं नाही, पण ते आमच्या घरचं चित्रही नाही. तुम्ही कळवा म्हणालात म्हणून कळवते आहे. खाली तिचं नाव.

"हे पाठवलं का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

संस्कृतीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही नको म्हणालात ना, सर."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. आतून मालनबाईंनी साखर किती घालू म्हणून विचारलं, मी काहीतरी सांगितलं. संस्कृती ह्यांच्या हातांकडे बघत उभी होती, पूर्वी आमच्या टेबलाशी बसून बघायची तशी.

"बरोबर लिहिलंय का, सर?" तिनं विचारलं. "मी कुणाला दाखवलंच नव्हतं."

हे पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. एकेका शब्दाखाली बोट ठेवून, फॉर्म तपासायचे तसे. शेवटपर्यंत गेले आणि परत वर आले. मग आणखी एकदा. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, ते काय शोधत होते ते मला कळत होतं. एखादी चूक. असं काहीतरी, ज्यामुळे हे पत्र पोचलं असतं तरी तिकडून नकारच आला असता. एवढीशी सापडली असती तरी चाललं असतं. मीही त्यांच्या खांद्यावरून शोधत होते.

त्यांनी मोबाईल तिला परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."